बर्फाने ब्लॅककरंट फळेल का?

कुंडीत रोज बर्फ घातला तर ब्लॅककरंटला (थंड प्रदेशातलं, काळ्या आंबट फळांचं झुडूप) नाशिकमध्येही फळ धरेल, असं एकाने सुचवलंय, ते मला पटत नाही. या झुडपाला थंडी हवी असते ती मुळांना नाही, काडीवरच्या डोळ्यांना, म्हणजे न उमललेल्या कोंबांना. साधारण ७ अंशांच्या खाली हजारेक तास काढल्याशिवाय ते डोळे नीट जागे होत नाहीत. नाशिकजवळच्या निफाडला पारा ५ च्या खाली गेल्याची बातमी येते खरी, पण ती पहाटेची. दुपारी पुन्हा पंचविशीच्या वर. एवढ्याने हजार तास कुठून भरणार?

मी हिमाचलातून आणलेलं रोप गंगापूर रोडच्या गॅलरीत दोन वर्षं जिवापाड जपलं. फेब्रुवारीत फक्त शेंड्याला चार पानं फुटायची. चुरगाळली की ब्लॅककरंटचा तो उग्र वास यायचा, पण खालचे डोळे तसेच मिटलेले, सुकून हाताला गळून यायचे. दुसऱ्या मे महिन्यात गेलंच ते. फार वाईट वाटलं.

त्याच जागी फालशाचं झुडूप लावलं, तुम्हीही तोच लावा असं मनापासून सांगेन. जानेवारीत कमरेएवढा छाटायचा, कारण फळ नव्या फुटीवरच येतं. (ब्लॅककरंटचं उलट, तिथे गेल्या वर्षीची काडी राखावी लागते.) एप्रिल-मेमध्ये रोज मूठ-दोन मूठ जांभळी, आंबटगोड फळं मिळतात. त्याच दिवशी सरबत करा, दुसऱ्या दिवशी ती मऊ पडतात.