मुरमाची खाण विहिरीच्या वरच्या अंगाला: किती खोल जाऊ द्यावं?

माळरान_पारनेर
राम राम मंडळी. तालुका पारनेर. आमच्या वाट्याला २० गुंठे माळ आहे, कुसळांशिवाय काही उगवत नाही. रस्त्याचा ठेकेदार ३,००० ब्रास मुरूम मागतोय, परवाना आणि रॉयल्टी तो बघणार म्हणे. परवा जेसीबीने आठ फूट खड्डा मारून दाखवला, कोरडा ठाक. "बघा, पाण्याचा काय संबंध?" पण उताराला तीनशे फुटांवर आमची आणि चुलतभावाची सामाईक विहीर आहे. माळ विहिरीच्या काठापेक्षा दहाएक फूट उंच. दिवाळीत पाणी काठापासून आठ फुटांवर असतं, आता मे महिन्यात तळाला गेलंय. आई म्हणते विहिरीच्या डोक्यावर खाण नको. पैसे तर हवेत. करारात काय लिहून घेऊ?

झरे_आणि_खडक
भूजल सर्वेक्षणात नोकरी केली, आता निवृत्त. मे महिन्यातला कोरडा खड्डा हा पुरावा नाही, ती मे महिन्याची गंमत आहे. पातळी धरायची ती पावसाळा संपल्यावरची, म्हणजे ऑक्टोबरची.

आपल्याकडे काळा पाषाण पाणी फारसं धरत नाही. पाणी साठतं ते त्याच्या वरच्या मुरमात आणि मांजऱ्या (मऊ, भेगाळ) खडकात, तिथूनच विहिरीला पाझरतं. तो मुरूम नेला की तुमची टाकीच नेली.

आता हिशेब करा. ३,००० ब्रास म्हणजे ३,००,००० घनफूट. २० गुंठे म्हणजे २१,७८० चौरस फूट. जागेवरच्या (न खोदलेल्या, घट्ट मुरमाच्या) मापाने सरळ उभ्या भिंती धरल्या तरी खोली जवळपास १४ फूट, आणि कडांना ४५ अंशांचा उतार सोडला तर १७ च्या पुढे. दिवाळीचं पाणी माळाच्या पातळीपासून १८ फुटांवर येतं. तेही पाणी जमिनीखाली सपाट असतं असं धरून! ते सपाट नसतं, चढाबरोबर तेही थोडं वर येतं. म्हणजे खाण पाण्यात उतरणार, ठेकेदार पंप लावून उपसणार आणि ते पाणी तुमच्याच विहिरीचं.

म्हणून करार ब्रासवर नको, खोलीवर करा. माझ्या मते तळ ऑक्टोबरच्या पातळीच्या किमान सहा फूट वर थांबावा. म्हणजे चढाचे दोनेक फूट धरून खोली १० फुटांच्या आसपास, आणि ३,००० ब्रास विसरायचे. वरची माती वेगळी रचून शेवटी तळावर पसरायची, गाळणीचं काम तीच करते. डिझेलचं पिंप खाणीत नको. काम संपल्यावर तिथे कुणी कचरा टाकू नये यासाठी आत्ताच गेट.

पोकलेन_बाबू
काकांनी पाण्याचं सांगितलं, मी भिंतीचं सांगतो. १२ वर्षं मशीन चालवतोय. ठेकेदाराला घाई झाली की तो म्हणतो, "पोटातून कोर, वरचं आपोआप पडेल." पडतं, पण खाली ट्रकवाला उभा असताना. धातू खाण विनियम, १९६१ मध्ये मुरमासाठी लिहिलंय: एकतर जास्तीत जास्त ४५ अंशांचा उतार, नाहीतर दीड मीटरपर्यंत उंच पायऱ्या, आणि त्यांची रुंदी उंचीपेक्षा कमी नाही. ६ मीटरच्या आतली, ५० पेक्षा जास्त माणसं नसलेली आणि सुरुंग न लावणारी मुरमाची खाण खाण कायद्यातून बरीचशी सुटते, म्हणून ठेकेदार म्हणेल आम्हाला लागू नाही. मुरूम काय कायदा वाचून ढासळतो का? पाऊस पडून गेल्यावर कडेवर चीर दिसली तर मशीन लांब. आणि कुंपण लिहून घ्या, पावसाळ्यात अशा खड्ड्यात पोरं बुडतात.

माळरान_पारनेर
पायऱ्या आणि खोली लिहून घेतो. पण ठेकेदार ऑक्टोबरपर्यंत थांबायला तयार नाही. आत्ता पातळी कशी कळणार?

झरे_आणि_खडक
विहिरीच्या बांधकामावर शेवाळाची आणि क्षाराची वरची रेघ बघा, भरलेल्या पाण्याची खूण तीच. गवंड्याच्या पाण्याच्या नळीने त्या रेघेची पातळी माळापर्यंत न्या. तिथून वर तुमचे सहा फूट, चढासाठी आणखी दोन-तीन. खाणीच्या विहिरीकडच्या कडेला एक बोअर मारून छिद्रांचा पीव्हीसी पाइप सोडायला सांगा, खर्च ठेकेदाराचा. पावसाळ्यात पाइपात पाणी ठरलेल्या पातळीच्या वर आलं तर खोदकाम थांबेल, हे वाक्य करारात घाला. त्याला तो नाही म्हणाला तर पुढचं बोलणं नको. परवान्यापेक्षा जादा उपसा निघाला तर दंड बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत जातो आणि सातबारा तुमच्या नावावर आहे. चुलतभावाचीही सही घ्या.