टंगमर्गला राहणं खरंच स्वस्त पडतं का?
काश्मीरमधल्या गुलमर्गची हॉटेलं महाग, म्हणून खाली पायथ्याच्या टंगमर्ग गावात राहा, असं काही जण सुचवतात. एका दिवसाच्या सहलीला ते ठीक आहे, पण स्कीइंग शिकायला जाणाऱ्यांनी तसं करू नये असं मला मनापासून वाटतं. अंतर जेमतेम 13 किलोमीटर, पण बर्फ पडला की चाकांना साखळ्या लावलेली गाडी लागते. आम्ही रोज त्या गाडीचं भाडं भरलं आणि सकाळचा चांगला वेळ घाटातच घालवला.

गुलमर्गमध्येच केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्था आहे. तिच्या कोर्सच्या फीमध्ये राहणं, जेवण, स्की-बूट, प्रशिक्षक सगळं येतं. हॉटेलच घेणार असाल तर हीटिंग रात्रभर चालू असतं का आणि त्याचे वेगळे पैसे पडतात का, एवढं बुकिंगआधी नक्की विचारा.