शब्दचर्चा: ‘संमती घेतली’ की नुसतं ‘सरे’ ऐकलं?

सोलापूरजवळ कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत आमच्या संस्थेचं काम असतं. विड्या वळणाऱ्या एका बाईंना विचारलं, फोटो काढू का? मांडीवर सूप, हातात तेंदूचं पान, मान वर न करता म्हणाल्या, “सरे, काढा की ओ.” फोटो इन्स्टाग्रामवर गेला, खाली त्यांच्या कर्जाची हकीकत. चेहरा पुसट केला होता. वसाहतीत १० हजारांवर घरं, सगळी एका साच्यातली, तरी दारातल्या निळ्या पिंपावरून शेजारणीनं ओळखलंच. अहवालात मी लिहिलंय ‘संमती घेतली होती’. शब्द बरोबर आहे का?

प्रतिसाद: नाही. ‘मत’ आणि ‘संमती’ दोन्ही ‘मन्’ धातूतले, म्हणजे विचार करणे. जी गोष्ट बाईंपुढे ठेवलीच नाही, तिला संमती कुठून येणार? तुम्हाला मिळाला तो होकार, तोही फोटो ‘काढायला’. ‘टाकणे’ हे वेगळं क्रियापद आहे, ताई. आणि कर्जाचं तर तुम्ही विचारलंच नाही.

प्रतिसाद: त्यात ‘सरे’ तेलुगू. सोलापूरच्या पूर्व भागात आमच्या घरी दिवसभर चालतं. बरं, हं, कळलं, जा आता... सगळं त्यात मावतं. सुरावर ठरतं.

प्रतिसाद: मग ‘परवानगी’ लिहा की.

प्रतिसाद: नको. परवाना वरचा माणूस देतो. इथे बाईच मालकीण. मुलांच्या बाबतीत मात्र तो शब्द चपखल बसतो. बाल न्याय अधिनियम २०१५, कलम ७४: काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख पटेल असं काही प्रसिद्ध करायला मनाई. सूट द्यायची तर चौकशी करणारं बाल न्याय मंडळ किंवा बाल कल्याण समिती लेखी कारण नोंदवून देते. आई ‘टाका’ म्हणाली, एवढ्यावर भागत नाही.

प्रतिसाद: जाता जाता, ‘गोपनीयता’ही बघा. ‘गुप्’चा एक अर्थ राखणे, ‘गोप्ता’ म्हणजे रक्षणकर्ता. आपण फक्त ‘लपवणे’ तेवढं उरवलंय.

मूळ प्रश्नकर्ती: काल पुन्हा गेले. फोन त्यांच्यापुढे धरला. बराच वेळ बघून म्हणाल्या, “हे सगळ्यांना दिसतंय? जावयाला पण?” तिथंच बसून पोस्ट काढून टाकली. अहवालात आता असं आहे: ‘फोटो काढण्यास होकार. प्रसिद्धीबाबत विचारले नव्हते.’ वरिष्ठांना ते वाक्य खटकलंय. बघू.