‘स्टार ट्रेक’च्या मूळ कलावंतांचा खरा निरोप कोणता मानावा : १९९१चा की १९९४चा?

राजेंद्रनगरचा प्रेक्षक (प्रश्न)

सप्रेम नमस्कार.

इंदुरात राजेंद्रनगरातील आम्ही सात-आठ कुटुंबे महिन्यातून एका शनिवारी कोणाच्या तरी घरी जमून एखादा चित्रपट पाहतो. पुढची पाळी आमच्याकडे आहे आणि वडिलांनी ‘स्टार ट्रेक’ सुचवला आहे. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ही अमेरिकी अंतराळमालिका लागत असे, तेव्हा ते ती शेजाऱ्यांच्या कृष्णधवल संचावर पाहत असत. यानाचा कप्तान कर्क, व्हल्कन या परग्रहाचा स्पॉक आणि डॉक्टर मॅकॉय हे तिघे त्यांच्या मनात अजूनही त्या वेळच्याच वयाचे आहेत. मी स्वतः मात्र २००९पासूनचे नव्या नटांचे चित्रपट तेवढे पाहिले आहेत.

या जुन्या मंडळींना निरोप देण्यासाठी १९९१ साली ‘द अनडिस्कव्हर्ड कंट्री’ हा सहावा चित्रपट काढला गेला असे मी वाचले, परंतु १९९४च्या पुढच्या चित्रपटातही कर्क आहे आणि त्याचा शेवट तिथे होतो असेही कळले. मग निरोपाचा म्हणून कोणता दाखवावा, आणि आधीचे पाच न पाहिलेल्यांना तो कळेल का, हे जाणकारांनी सांगावे. आमच्यातील एक काका सरळच म्हणाले की साठी उलटलेल्या नटांना तंग गणवेशात पळताना पाहणे म्हणजे निरोप नसून त्यांची फजिती आहे. त्यांना काय उत्तर द्यावे तेही सुचल्यास कळवावे.

जुनी ध्वनिफीत

निःशंकपणे १९९१चा दाखवावा.

काकांचा आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण निर्मात्यांच्या मनातही तोच होता. १९८९चा पाचवा चित्रपट, जो कर्क साकारणाऱ्या शॅटनर यांनी स्वतः दिग्दर्शित केला होता, अपेक्षेइतका चालला नाही. त्यानंतर निर्माते हार्व्ह बेनेट यांनी असा प्रस्ताव मांडला होता की कर्क आणि स्पॉक यांच्या विद्यार्थिदशेची कथा घ्यावी आणि त्यासाठी नवे तरुण नट आणावेत. तो मान्य झाला असता तर जुन्या मंडळींना निरोप मिळाला नसता, नारळ मिळाला असता. परंतु १९९१ हे मूळ मालिकेचे पंचविसावे वर्ष होते, प्रस्ताव बाजूला पडला आणि १९८२चा दुसरा चित्रपट ज्यांनी गाजवला होता त्या निकोलस मेयर यांच्याकडे दिग्दर्शन सोपवण्यात आले. शॅटनर आणि स्पॉक साकारणारे निमॉय या दोघांचा जन्म १९३१च्या मार्चमधला, चार दिवसांच्या अंतराने. म्हणजे आपल्याकडे ज्या वर्षी साठीशांत झाली असती त्याच वर्षी त्यांनी हा चित्रपट केला. मॅकॉय साकारणारे केली आणि यानाचा अभियंता स्कॉटी साकारणारे डूहन तर ७१ वर्षांचे होते.

या चित्रपटाचे मोठेपण असे की त्याने हे वय झाकले नाही, उलट कथेचा विषयच ते केले. आरंभीच कळते की सर्वांना तीन महिन्यांत निवृत्त व्हायचे आहे. क्लिंगॉन या परग्रहावरच्या शत्रूंच्या प्रॅक्सिस या चंद्रावर स्फोट होतो, त्यांच्या ग्रहावरचा प्राणवायू सुमारे ५० वर्षांत संपणार असे दिसू लागते आणि ते शत्रू तहाला तयार होतात. त्यांच्या चॅन्सेलरला, म्हणजे राज्यप्रमुखाला, सोबत करून आणण्याचे काम कर्कवर येते आणि त्याचे नाव स्पॉकनेच परस्पर सुचवलेले असते. कर्कचा मुलगा डेव्हिड १९८४च्या तिसऱ्या चित्रपटात क्लिंगॉनांच्या हातून मारला गेला होता. ते लोक मरत आहेत असे स्पॉक सांगतो, तेव्हा कर्कच्या तोंडून ‘मरू देत’ असे उत्तर निघते. ज्या नायकाला प्रेक्षकांनी २५ वर्षे डोक्यावर घेतले, त्याच्या तोंडी शेवटच्या चित्रपटात हे वाक्य घालण्याचे धाडस फारसे कोणी केले नसते. पुढे चॅन्सेलरच्या खुनाचा आळ कर्कवर येतो, तेव्हा मुलाच्या मृत्यूबद्दल क्लिंगॉनांना कधीच क्षमा करू शकणार नाही अशी त्याने एकांतात केलेली नोंद भर न्यायालयात त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून ऐकवली जाते, आणि माणूस स्वतःच्याच आवाजापुढे कसा उघडा पडतो ते शॅटनर यांनी तिथे एकही शब्द न बोलता दाखवले आहे.

आपण दोघे इतके वृद्ध आणि हेकट झालो आहोत का, की आपला उपयोगच संपला, असे स्पॉक एका दृश्यात कर्कला विचारतो. ‘साठी बुद्धी नाठी’ हीच शंका तो सभ्य शब्दांत मांडतो आणि कर्कइतकीच स्वतःबद्दलही मांडतो, कारण ज्या शिष्येवर त्याने विश्वास टाकला ती त्या खुनाच्या कटात सामील निघालेली असते. काकांना हे दृश्य अवश्य दाखवावे. त्यांचा आक्षेप चित्रपटाने त्यांच्या आधी घेतलेला आहे.

एक गंमतही सांगतो. खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी अंतराळयानाच्या आतले कित्येक भाग त्या वेळी चालू असलेल्या ‘नेक्स्ट जनरेशन’ या नव्या मालिकेच्याच सेटवर थोडेफार फेरफार करून चित्रित केले होते. जुने घरमालक शेवटचे काही दिवस नव्या बिऱ्हाडकरूच्या खोल्यांत राहून गेले असेच म्हणायचे.

रामबागचा वाचक

वरील उत्तरात राजकीय बाजू निसटली आहे, आणि ती सांगितल्याशिवाय नव्या प्रेक्षकाला अर्धा चित्रपट कळणार नाही. क्लिंगॉन साम्राज्य म्हणजे त्या काळचा सोव्हिएत संघ, आणि प्रॅक्सिस म्हणजे १९८६चे चेर्नोबिल. अतिरेकी उत्खनन आणि सुरक्षेची हयगय असे त्या स्फोटाचे कारण चित्रपटात दिले आहे. मध्य प्रदेशात राहणाऱ्या माझ्यासारख्याला ते ऐकताना चेर्नोबिलच्या आधी १९८४चे भोपाळ आठवते, हे येथे नमूद केल्यावाचून राहवत नाही. चित्रपट ६ डिसेंबर १९९१ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला आणि त्याच महिन्याच्या २५ तारखेला गोर्बाचेव्ह यांनी राजीनामा दिला. चीनला निक्सनच जाऊ शकले असते ही जुनी व्हल्कन म्हण आहे, असे स्पॉक गंभीर चेहऱ्याने सांगतो. साम्यवादाचा कट्टर विरोधक म्हणून ओळखला जाणारा नेताच १९७२मध्ये पेकिंगला जाऊन हस्तांदोलन करू शकला, कारण त्याच्यावर नमते घेतल्याचा आरोप घरचे कोणी करू शकत नव्हते. कर्कची निवड नेमकी याच तर्काने झाली आहे.

चित्रपटाचे नाव हॅम्लेटच्या स्वगतातून घेतले आहे. आगरकरांनी ‘विकारविलसित’ या नावाने मराठीत आणलेले ते नाटक आपल्याकडे अपरिचित नाही. जिथून कोणी प्रवासी परतत नाही असा तो अज्ञात प्रदेश मूळ नाटकात मृत्यू आहे. येथे क्लिंगॉन चॅन्सेलर पेला उंचावतो आणि त्याचा अर्थ भविष्यकाळ असा लावतो. निवृत्तीच्या उंबरठ्यावर बसलेल्या पाहुण्यांना त्यात दोन्ही अर्थ ऐकू येत असावेत. क्रिस्तोफर प्लमर यांनी उभा केलेला क्लिंगॉन सेनापती तर लढाईच्या ऐन मध्यावर शेक्सपिअरची वाक्ये फेकत राहतो. ते काहींना अति वाटते, मला मात्र जुन्या संगीत नाटकातला खलपुरुष आठवतो.

सुदामानगरची वाचक

चित्रपट मलाही आवडतो, परंतु निरोप मूळ सातही कलावंतांना सारखा मिळाला असे कोणी म्हणू लागले तर मी सहमत होणार नाही. जॉर्ज टाकेई यांच्या सुलूचे भाग्य उजळले: तो एक्सेल्सियर या स्वतंत्र यानाचा कप्तान झाला आहे, शेवटच्या लढाईत वेळेवर धावून येतो, आणि त्याचे हिकारू हे नाव पडद्यावर पहिल्यांदा याच चित्रपटात उच्चारले जाते. याउलट निशेल निकोल्स यांच्या उहुराच्या वाट्याला काय आले? १९६६पासून जी यानाची संपर्क अधिकारी आहे, तिला सीमेवरच्या क्लिंगॉन पहारेकऱ्याशी बोलण्यासाठी जाडजूड शब्दकोश चाळत मोडकीतोडकी वाक्ये जुळवावी लागतात आणि प्रेक्षकांनी त्यावर हसावे अशी अपेक्षा आहे. जिने आयुष्यभर भाषांचेच काम केले तिला शत्रूची भाषा येत नाही, हे कोणाला पटेल? तिचे न्योटा हे नाव पडद्यावर यायला २००९ साल उजाडले, आणि तेही दुसऱ्या अभिनेत्रीच्या वाट्याला.

मूळ मालिकेचे निर्माते जीन रॉडनबेरी यांचीही या चित्रपटाबाबत तक्रार होती, मात्र वेगळी. स्टारफ्लीटच्या, म्हणजे कर्कच्या अंतराळदलाच्या, अधिकाऱ्यांच्या मनात परजातीचा असा द्वेष असावा हे त्यांना मान्य नव्हते आणि त्यावरून त्यांचे मेयर यांच्याशी खटके उडाले. त्यांचे निधन २४ ऑक्टोबर १९९१ रोजी, म्हणजे प्रदर्शनापूर्वी सहा आठवडे झाले आणि चित्रपट त्यांनाच अर्पण केला गेला. या वादात मी मेयर यांच्या बाजूची आहे. ज्याच्या मनात द्वेष नाही त्याला तो सोडावा लागत नाही, आणि मग कथाच उरत नाही.

जुनी ध्वनिफीत

उहुराबद्दलचा आपला आक्षेप मी मान्य करतो. ते दृश्य मलाही खटकते.

प्रश्नकर्त्यांचे दोन मुद्दे माझ्याकडून राहिले होते. आधीचे पाचही पाहण्याची मुळीच गरज नाही. वेळ असेल तर दुसरा आणि तिसरा पाहावा, कारण दुसऱ्यात डेव्हिड भेटतो आणि तिसऱ्यात जातो. वेळ नसेल तर कर्कचा मुलगा क्लिंगॉनांनी मारला एवढे आरंभी सांगितले तरी पुरते. दुसऱ्यात स्पॉकलाही एकदा निरोप देऊन झालेला आहे, आणि तिसऱ्यात तो परत आलेला आहे, त्यामुळे या मालिकेत कोणाच्या जाण्यावर किती विश्वास ठेवायचा हे प्रेक्षक लवकरच शिकतो. खुद्द १९९१मध्ये, हा चित्रपट येण्याच्या महिनाभर आधी, निमॉय ‘नेक्स्ट जनरेशन’च्या दोन भागांत कित्येक दशकांनी वृद्ध झालेला स्पॉक म्हणून येऊन गेले होते.

आता १९९४बद्दल. ‘जनरेशन्स’मध्ये सातांपैकी केवळ शॅटनर, डूहन आणि चेकॉव्ह साकारणारे कोनिग आहेत. निमॉय आणि केली यांनी त्यात काम केले नाही. कर्कचा मृत्यू आधी वेगळ्या प्रकारे चित्रित झाला होता, चाचणी खेळाच्या प्रेक्षकांना तो रुचला नाही म्हणून पुन्हा चित्रित केला गेला, आणि तरीही तो ओढूनताणून आणल्यासारखाच वाटतो. स्पॉक आणि मॅकॉय जवळ नसताना आलेला कर्कचा मृत्यू हा कथेचा भाग असेल, निरोप नव्हे.

सहाव्याच्या शेवटी यान मोडीत काढण्यासाठी परत आणा असा आदेश येतो. मी मानव असतो तर ‘खड्ड्यात जा’ असे उत्तर दिले असते, असे स्पॉक शांतपणे म्हणतो आणि कर्क यान उजवीकडच्या दुसऱ्या ताऱ्याकडे न्यायला सांगतो. मग तो शेवटची नोंद करतो. मूळ मालिकेच्या प्रास्ताविकात ‘माणूस’ आणि ‘पुरुष’ या दोन्ही अर्थांनी चालणारा जो इंग्रजी शब्द होता, तो शब्द कर्क उच्चारतो, थबकतो, आणि त्या जागी ‘कोणीही’ असा शब्द घालतो. १९८७पासून नव्या मालिकेच्या प्रास्ताविकात हाच बदललेला शब्द होता. त्यानंतर ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर सातही कलावंतांच्या स्वाक्षऱ्या एकामागून एक उमटतात. यान दिसेनासे होताच दिवे लावण्याची आपल्याकडे घाई असते, ती त्या रात्री कृपया करू नये.

राजेंद्रनगरचा प्रेक्षक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दुसरा चित्रपट आम्ही घरचेच आदल्या रविवारी पाहून घेऊ आणि शनिवारी सर्वांसाठी सहावा लावू. चित्रपटगृहातील आवृत्ती ११० मिनिटांची आहे आणि घरी पाहण्यासाठी निघालेल्या चित्रफितीत तीनेक मिनिटांची दृश्ये अधिक होती असे दिसते. आम्ही चित्रपटगृहातीलच घेत आहोत, आणि ज्येष्ठांच्या सोयीसाठी इंग्रजी उपशीर्षके चालू ठेवू.

‘जनरेशन्स’बद्दल वडिलांना विचारले. स्पॉक आणि मॅकॉय त्यात नाहीत हे ऐकल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि मग तो दाखवण्याचे कारण नाही, असे सांगितले. काकांना पुढच्या रांगेत बसवणार आहोत.