८डी (दोष आठ पायऱ्यांत सोडवण्याची पद्धत) फॉर्म भरून पाठवतो, पण दर पावसाळ्यात ब्लोहोल (कास्टिंगमध्ये वायूने पडणारी भोकं) परत येतात. टीमकडून खरं काम कसं करून घ्यायचं?

प्रश्न: उद्यमबाग_क्वालिटी

ग्रे आयर्नची हायड्रॉलिक व्हॉल्व्ह बॉडी. मोल्डिंग ग्रीन सँडमध्ये (मातीमिश्रित ओलसर वाळूच्या साच्यात), आत कोल्ड बॉक्स कोअर (पोकळी घडवणारा, न तापवता कडक केलेला वाळूचा गाभा). जून संपत आला की मशिनिंगनंतर बोअरच्या आसपास भोकं दिसायला लागतात आणि गणपतीनंतर आपोआप कमी होतात. ग्राहक ८डी मागतो. मोल्डिंग, मेल्टिंग, कोअर शॉप, फेटलिंग (कास्टिंगची साफसफाई) मिळून सात-आठ जण बसतात, फळ्यावर फिशबोन (माशाच्या काट्यासारखा कारणांचा आराखडा) निघतो, तासाभरात सगळे काटे भरतात. शेवटी कारण म्हणून "वाळूत मॉइश्चर जास्त" आणि उपाय म्हणून "ऑपरेटरला समज दिली" एवढंच लिहिलं जातं.

फॉर्म कसा भरायचा ते माहीत आहे. टीमकडून नेमकं काय, कुठल्या क्रमाने करून घ्यायचं, ते जाणकारांनी सांगावं. बैठकीला मराठी, कन्नड आणि हिंदी बोलणारे असे सगळेच असतात.

उत्तर १: होनगा_मशीनशॉप

फिशबोन फार लवकर निघतोय. तो डी-४ चं, म्हणजे मूळ कारण शोधायच्या चौथ्या पायरीचं काम. डी-२ म्हणजे दोषाचं वर्णन. ते कच्चं राहिलं तर फिशबोनवर फक्त अंदाज जमा होतात आणि ज्याचा आवाज मोठा त्याचा अंदाज जिंकतो.

आधी वीस-पंचवीस रिजेक्ट बॉडी टेबलावर मांडा. सगळ्यांनी त्या हातात घेऊन बघायच्या. ड्रॉइंगची मोठी प्रत भिंतीवर लावून प्रत्येक भोक जिथे आहे तिथे लाल ठिपका द्यायचा. अर्ध्या तासात ठिपके एका जागी गोळा होताना दिसतात किंवा विखुरलेले राहतात. दोन्हीतून माहिती मिळते.

मग "आहे / नाही" तक्ता करा. कुठल्या पार्टमध्ये आहे, त्याच वाळूत बनणाऱ्या कुठल्या पार्टमध्ये नाही? पॅटर्नच्या कुठल्या कॅव्हिटीत आहे, कुठल्या नाही? कोपच्या (साच्याच्या वरच्या अर्ध्या) बाजूला की ड्रॅगच्या (खालच्या)? लॅडलमधून (वितळलेला धातू ओतायच्या भांड्यातून) आधी ओतलेल्या बॉक्समध्ये (साच्यात) की शेवटच्या? कुठल्या पाळीत, सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी की रोज? "नाही"चा रकाना रिकामा ठेवू नका, खरा शोध त्याच रकान्यात लागतो. वाळूचं मॉइश्चर हेच कारण असेल तर त्याच मिक्सरची वाळू वापरणाऱ्या, कोअर नसलेल्या पार्टमध्येही भोकं दिसली पाहिजेत. दिसत नसतील तर ते कारण तिथेच लंगडं पडतं, त्यासाठी वाद घालावा लागत नाही.

डी-३, म्हणजे संशयित माल तात्पुरता अडवणं, मात्र थांबवू नका, बहुतेक ग्राहक ते २४ ते ४८ तासांत मागतात. माल कुठे-कुठे आहे ते आकड्यांत लिहा: फेटलिंगमध्ये किती, मशीनवर किती, गाडीत किती, ग्राहकाकडे किती. "१००% तपासणी" लिहिण्याआधी एक विचार करा. कातडीखालचं भोक कच्च्या कास्टिंगवर दिसतच नाही, त्यामुळे नुसती नजरेची तपासणी हा तिथे बांध होत नाही. संशयित हीट नंबरचा (एका वेळी वितळवलेल्या धातूच्या क्रमांकाचा) माल आधी आपल्याकडे मशिनिंग करून बघा, किंवा बोअर झाल्यावर पाण्याखाली हवेची लीक टेस्ट घ्या.

उत्तर २: सँडलॅब_मच्छे

त्याही आधी, ते ब्लोहोलच आहे का? टेबलावरचे चार नग भोकातून कापा आणि भिंगाखाली बघा. आतली भिंत गुळगुळीत, कधी चकचकीत असेल तर वायू. खडबडीत, झाडाच्या फांद्यांसारखे कण दिसत असतील तर श्रिंकेज (धातू थिजताना आकसून पडलेली पोकळी). त्याचं कारण फीडिंगमध्ये आणि रायजरमध्ये (आकसणाऱ्या भागाला धातू पुरवणाऱ्या साठ्यात) असतं, वाळू कितीही सुधारली तरी ते जाणार नाही. आत मळी अडकलेली असेल तर स्लॅग किंवा थंड धातू. रिजेक्शन रजिस्टरमध्ये या तिन्हींना "ब्लोहोल" म्हणून एकाच रकान्यात टाकलं जातं, मग पुढचं सगळं विश्लेषण भेसळीचं होतं.

वायूच असेल तर जागा बोलते. भोकं कोअरच्या पृष्ठभागाजवळ असतील तर कोअरचा वायू धातूत शिरतोय: कोअर ओला झाला, बाइंडर (वाळू बांधणारं रसायन) जास्त पडला, कोअरवरचा लेप नीट सुकला नाही, किंवा कोअर प्रिंटमधून (कोअर साच्यात टेकतो त्या टोकातून) व्हेंट (वायूची वाट) बाहेर निघतच नाही. कोअर बसवताना लावलेल्या चिकटाने व्हेंट बुजतो, हे फार वेळा सुटतं. कोपच्या वरच्या भागात सगळीकडे असतील तर वाळूची पर्मिअॅबिलिटी (वायू आरपार जाऊ देण्याची क्षमता) आणि मॉइश्चर बघा. कातडीखाली बारीक टाचणीएवढी, सगळीकडे पसरलेली असतील तर ओलं लॅडल लायनिंग, ओला स्क्रॅप, किंवा बाइंडरमधला नायट्रोजन. तुम्ही "बोअरच्या आसपास" म्हणताय, म्हणून माझा पहिला संशय कोअरवर. पण कापून बघितल्याशिवाय तो फॉर्मवर लिहू नका.

पावसाळ्याचा संबंधही तिथे लागतो. कोल्ड बॉक्स कोअरला दमट हवा सोसत नाही, ताकद घटते आणि कोअर ओल धरतो. खानापूर बाजूने पाऊस धरला की शेडमध्ये उघड्यावर दोन दिवस राहिलेला कोअर आणि सकाळी काढून दुपारी वापरलेला कोअर हे दोन वेगळे कोअर समजा. प्रत्येक रॅकवर कोअर काढल्याची तारीख आणि वेळ खडूने लिहायला आजच सुरुवात करा.

वाळूच्या आकड्यांबद्दल थोडं. ग्रीन सँडमध्ये मॉइश्चर साधारण ३ ते ४%, कॉम्पॅक्टिबिलिटी (दाबल्यावर वाळू किती टक्के खाली बसते) ३८ ते ४५% च्या आसपास ठेवतात. तुमच्या लाइनचा आकडा तुमच्या मोल्डिंगच्या प्रेशरवर ठरतो. त्या आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी मोजमाप तपासा. वाळूचा एकच नमुना लगेच प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा, दोन भाग करून दोन इन्स्पेक्टरांकडून मॉइश्चर काढून घ्या, असं दहा वेळा करा. दोघांत अर्ध्या टक्क्याचा फरक येत असेल तर "मॉइश्चर वाढलं" हे वाक्य वाळूबद्दल आहे की इन्स्पेक्टरबद्दल, ते कुणालाच सांगता येणार नाही. नमुना मिक्सरपाशी न घेता मोल्डिंग मशीनच्या हॉपरपाशी घ्या. रिटर्न सँड (वापरून परत आलेली वाळू) ५० अंशांच्या वर गरम असेल तर वाटेतच पाणी उडतं आणि थंड पॅटर्नवर ते दव होऊन बसतं.

उत्तर ३: टीमलीड_काकती

वरच्या दोघांनी विषयातलं सांगितलं, मी बैठकीचं सांगतो. ८डी पद्धत फोर्डने १९८७ साली लिहून काढली, तेव्हा तिच्या नावातच टीम होती: टीम ओरिएंटेड प्रॉब्लेम सॉल्व्हिंग. आपल्याकडे ती क्वालिटी इंजिनिअरने एकट्याने संगणकावर भरायची गोष्ट झाली आहे. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण कोअर ओला आहे हे कोअर उचलणाऱ्या हाताला आधी कळतं.

पाच ते सात माणसं पुरे. त्यांत कोअर बसवणारा एक जण आणि तुमचं मशिनिंग करणारा एक जण हवाच. साहेबलोक कमी. प्रत्येकाला बैठकीआधी एक काम द्या: कोअर शॉपने रॅकवरचे तास आणायचे, मेल्टिंगने पहिल्या आणि शेवटच्या बॉक्सचं तापमान आणायचं. हात हलवत आलेला माणूस मतच देणार.

वेळ पाळी बदलताना ठेवा, म्हणजे सुटणारे आणि येणारे दोघेही असतात. वीस-पंचवीस मिनिटं, उभ्याने, लाइनजवळ.

कारणं विचारताना तोंडी फेरी घेऊ नका. मेस्त्री पहिलं बोलला की बाकीचे "होय की" म्हणून मोकळे होतात. पाच मिनिटं गप्प बसून प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचं, एका चिठ्ठीवर एकच कारण, मराठीत लिहा, कन्नडमध्ये लिहा. ज्याला लिहायचं अवघड जातं त्याने शेजाऱ्याला सांगायचं. चिठ्ठ्या जशाच्या तशा फळ्यावर लागतील, भाषांतर तोंडी. इंग्रजी फॉर्म शेवटी भरा, कारण "दमट कोअर", "शिळा कोअर" आणि "कच्चा कोअर" हे तीन वेगळे दोष इंग्रजीत जाताना एकच होऊन बसतात. मेस्त्रीने शेवटी बोलायचं, हे त्यांना आधी बाजूला घेऊन मानाने सांगा, त्यांना पटतं.

आणि "ऑपरेटरची चूक" या उत्तरावर पाच-व्हाय (मुळाशी जाईपर्यंत पुन्हा पुन्हा "का?" विचारणं) थांबवायला बंदी. तिथून पुढे विचारा: ही चूक करणं शक्य का होतं? ओला कोअर आणि कोरडा कोअर एकाच रॅकवर का होते? ते ओळखायला त्याच्याकडे काय होतं?

उद्यमबाग_क्वालिटी

तिघांचेही आभार. एक अडचण. जुलैमध्ये तीन गोष्टी एकदम बदलतात: पाऊस लागतो, रिटर्न सँड ओली येते, आणि भात लावणीमुळे खानापूर-हिंडलग्याकडची जुनी माणसं रजेवर जातात, बदली हात येतात. यातलं कारण कुठलं ते वेगळं कसं काढायचं? आणि उपाय लागू पडला हे किती नगांवर मानायचं? आमच्याकडे दहा नग चांगले निघाले की डी-६ (उपाय लागू करून खात्री करण्याची पायरी) बंद करतात.

उत्तर ४: होनगा_मशीनशॉप

कॅलेंडर बघून वेगळं निघणार नाही, मुद्दाम वेगळं करावं लागेल. एकाच दिवशी, एकाच हीटमध्ये दोन प्रकारचे कोअर घ्या: निम्मे रॅकवर दोन दिवस राहिलेले, निम्मे ओव्हनमध्ये सुकवून लगेच वापरलेले. मोल्डर तोच, वाळू तीच. बॉक्सचा क्रम मिसळा, नाहीतर सुकवलेले सगळे गरम धातूला आणि शिळे सगळे शेवटच्या थंड धातूला लागतील आणि फरक तापमानाचा निघेल. जुन्या आणि बदली मोल्डरची तुलना दुसऱ्या दिवशी तशीच घ्या, तेव्हा कोअर एकसारखे ठेवा.

नगांवर रंगाची खूण करू नका, शॉटब्लास्टमध्ये उडते. मोल्डमध्येच, मशिनिंग न होणाऱ्या बाजूला आकड्याचा ठसा दाबा, कास्टिंगवर उठून येतो.

खरं कारण सापडलं असेल तर ते चालू-बंद करता आलं पाहिजे. शिळा कोअर घातला की भोकं येतात, सुका घातला की जातात, परत शिळा घातला की परत येतात. ही तिसरी पायरी कुणीच करत नाही, आणि पुरावा तिथेच असतो. हे नग अर्थातच वेगळे ठेवायचे, डिस्पॅचमध्ये मिसळू द्यायचे नाहीत.

दहा नगांचा हिशेब असा. समजा रिजेक्शन ६% आहे आणि उपायाने काहीच फरक पडलेला नाही. तरी दहाच्या दहा नग चांगले निघण्याची शक्यता ०.९४ चा दहावा घात, म्हणजे सुमारे ५४%. नाणं उडवण्यासारखंच झालं. सलग ५० चांगले निघाले तर तीच शक्यता ४.५% वर येते. सोपा नियम: तीनला दोषाच्या प्रमाणाने भागा. ६% साठी ५०, २% साठी १५०. हे ५० एकाच लॅडलचे नकोत. तीन-चार दिवस, सगळ्या पाळ्या, आणि त्यात भर पावसाचा दिवस हवा. सप्टेंबरच्या उघडिपीत घेतलेली खात्री जुलैला चालत नाही.

उत्तर ५: सँडलॅब_मच्छे

पूर्ण सहमत. एकच भर: डी-४ मध्ये दोन कारणं लिहायची असतात. दोष का झाला हे एक, आणि तो आपल्याकडून सुटून ग्राहकापर्यंत का गेला हे दुसरं. दुसऱ्यासाठी वेगळा पाच-व्हाय करा, तुमच्याकडे तो बहुधा रिकामाच असेल.

कोअरच निघाला तर डी-५ मध्ये (कायमचा उपाय ठरवायच्या पायरीत) "कोअर झाकून ठेवण्याच्या सूचना दिल्या" असं लिहू नका. कोअरसाठी बंद खोली, त्यात आर्द्रता मोजायचं यंत्र, तासांची मर्यादा ठरवून रॅकवर लाल पाटी, मर्यादा ओलांडलेला कोअर परत ओव्हनला. ही मर्यादा किती तासांची, ते होनगावाल्यांनी सांगितलेल्या चाचणीतूनच काढा: ४, ८, २४ आणि ४८ तासांचे कोअर घेऊन. डी-७ मध्ये (दोष पुन्हा होऊ न देण्याच्या पायरीत) हाच नियम त्याच कोअर शॉपमधून कोअर जाणाऱ्या प्रत्येक पार्टच्या कंट्रोल प्लॅनमध्ये आणि पीएफएमईएमध्ये (प्रक्रियेत काय बिघडू शकतं त्याच्या यादीत) चढवा. आणि मे महिन्याच्या शेवटी, पहिला वळीव पडून गेला की, खोलीचं दार, छताची गळती आणि ओव्हनचा थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) तपासायची तारीख मेंटेनन्सच्या तक्त्यात आत्ताच टाकून ठेवा.