तीन वेळा दादर आणि वर खेद

शब्दकंजूष

'नऊ-बाराची जलद' यांनी परवा गर्दीवरच्या चर्चेत जाता जाता एक वाक्य टाकले : 'रेल्वेच्या घोषणांतला एकही शब्द फुकट गेलेला नसतो, आणि ज्यांना त्या लांबट वाटतात त्यांनी कानांत बोळे घालून प्रवास करावा.' बावीस वर्षे अंबरनाथहून ये-जा करणाऱ्या माणसाला हे पचणे अवघड आहे. तिथेच उत्तर लिहायला बसलो होतो, पण ते इतके लांबले की वेगळा धागा काढणे बरे वाटले. (शब्दांच्या काटकसरीवर लांबलचक लिहितो आहे याची मला जाणीव आहे, तेवढा टोमणा कोणी मारू नये.)

सकाळी कानांवर पडते ते साधारण असे असते : 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. फलाट क्रमांक दोनवर येणारी गाडी ही आठ वाजून एकोणचाळीस मिनिटांची छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जाणारी जलद गाडी आहे. ही गाडी बारा डब्यांची आहे. ही गाडी ठाणे आणि घाटकोपर या स्थानकांच्या दरम्यान कोणत्याही स्थानकावर थांबणार नाही.' पहिल्या वाक्यात माहिती काहीच नाही, आणि एवढ्यात चार वेळा गाडी आली. रेल्वेच्या फलाटावर गाडीखेरीज काय येणार, टांगा? 'ठाण्यानंतर थेट घाटकोपर' एवढ्याने तेच काम होते, आणि फलाटावरची माणसे एकमेकांना तसेच सांगतात.

त्याहून मोठी तक्रार क्रमाबद्दल आहे. माझी सकाळ ज्या एका शब्दावर अवलंबून असते तो 'जलद' हा शब्द वाक्याच्या शेपटाला येतो, आणि तोवर शेजारच्या रुळावरून एखादी मेल धडधडत निघालेली असते. एकदा तिच्या भोंग्याने तो नेमका गिळला. मुलीच्या शाळेत पालकसभा होती, मुलुंडला उतरायचे होते; गाडी धीमी समजून चढलो आणि मुलुंड, नाहूर, भांडुप अशी एकेक पाटी दारातून बघत घाटकोपरपर्यंत गेलो. परत येईतो सभा संपली होती आणि वर्गात बाई फळा पुसत होत्या.

डब्यात शिरल्यावर 'पुढील स्टेशन दादर, अगला स्टेशन दादर, नेक्स्ट स्टेशन दादर' सुरू होते. दादरला तिन्ही भाषांत दादरच म्हणतात. आणि गाडी चाळीस मिनिटे उशिरा आली की 'आपल्याला होणाऱ्या असुविधेबद्दल आम्हाला खेद आहे' हे वाक्य अशा आवाजात ऐकू येते की ज्याला आयुष्यात कधी उशीर झालेला नाही. हे सारे शब्द आवश्यक आहेत असे ज्यांना वाटते त्यांनी कृपया ते सिद्ध करावे.

नऊ-बाराची जलद

माझे अर्धे वाक्य घेऊन त्यावर एवढा मोठा डोलारा उभा केल्याबद्दल आभार. कानांतल्या बोळ्यांचे मी मागे घेतो. बाकीचे मागे घेणार नाही.

१५ फेब्रुवारी २०२५ च्या रात्री नवी दिल्ली स्थानकावर काय झाले ते आठवा. कुंभमेळ्याची गर्दी होती. प्रयागराज एक्स्प्रेसची वाट पाहत लोक एका फलाटावर उभे होते आणि प्रयागराजच्याच विशेष गाडीची घोषणा दुसऱ्या फलाटासाठी झाली. 'प्रयागराज' एवढेच कानी पडल्याने आपली गाडी तिकडे लागली असे समजून लोक जिन्याकडे धावले, असे पोलिसांचे म्हणणे होते. अठरा माणसे गेली. तुम्हाला जे फाजील वाटते, म्हणजे गाडीचा क्रमांक, तिचे पूर्ण नाव, फलाट आणि पुन्हा एकदा फलाट, तेच तिथे कमी पडले. 'ठाण्यानंतर थेट घाटकोपर' हे तुमच्या डब्यातल्या टोळक्यात शोभते. घोषणा तुमच्यासाठी नसते. ती आयुष्यात पहिल्यांदा त्या फलाटावर उभ्या राहिलेल्या माणसासाठी असते.

दोन घंट्या

मी एकतीस वर्षे लोकलच्या शेवटच्या डब्यात उभा होतो, म्हणजे दोन घंट्या देऊन मोटरमनला 'काढा' म्हणणारा. आम्हाला तेव्हा गार्ड म्हणत. २०२२ मध्ये 'गार्ड'चे 'ट्रेन मॅनेजर' झाले. एका शब्दाचे दोन झाले, काम तेच राहिले, आणि याबद्दल कोणी धागा काढला नाही. असो.

पहिल्या वाक्यावरच्या आक्षेपाला उत्तर देतो. 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे' यात माहिती काहीच नसते, हे खरे आहे. पण माणूस बोलत असतो, चहा पीत असतो, मोबाइलमध्ये मान घालून असतो, आणि त्याचे कान जागे व्हायला दोन-तीन सेकंद लागतात. तेवढ्या वेळात जे शब्द वाया जातील ते बिनमहत्त्वाचे असावेत म्हणून ते वाक्य आधी असते. ते काढून टाकलेत तर त्याच्या जागी फलाटाचा क्रमांक वाया जाईल. दाराची कडी वाजवणाऱ्याला आपण 'नुसतीच कडी काय वाजवतोस, काय ते बोल' असे म्हणत नाही.

दुसरे असे की या घोषणा कोणी सलग बोलत नाही. आवाजाचे तुकडे आधी मुद्रित केलेले असतात आणि यंत्र ते जोडते. म्हणून डेक्कन क्वीनचा क्रमांक 'एक दोन एक दोन तीन' असा सुटा येतो, आणि तो तसाच यावा. 'बारा हजार एकशे तेवीस' म्हटले तर गोंगाटात तेवीसचे त्रेपन्न कधी होईल सांगता येत नाही. तुमच्या त्या 'एकोणचाळीस'चे 'एकोणपन्नास' ऐकून गाडी चुकलेले लोक मी स्वतः पाहिले आहेत.

गैरसोयकर

मूळ प्रश्नापेक्षा महत्त्वाचा प्रश्न सगळेच टाळत आहेत. 'असुविधा' हा शब्द मराठीत कोण वापरतो? आपल्याकडे गैरसोय होते. 'असुविधेबद्दल खेद आहे' हे हिंदीतून उचलून मराठी प्रत्यय लावलेले वाक्य आहे. घोषणेत शब्द किती आहेत यापेक्षा ते कोणाचे आहेत, यावर आधी बोलायला हवे. डब्यात पहिल्या क्रमांकावर जी भाषा येते तिच्यातही 'स्टेशन'च असेल, तर ती भाषा मराठी कशी?

वऱ्हाडी ठेचा

आमच्या अकोल्याकडे म्हातारी माणसे 'ठेसन' म्हणतात आणि त्यांच्या मराठीला काही झालेले नाही. 'स्थानक' म्हटले की माझ्या आजीला एसटीचा स्टँड वाटायचा. तुम्ही मुंबई-पुण्याकडची मंडळी फलाट, स्थानक, उद्घोषणा असे शब्द पाटीवर लिहिता आणि घरी मात्र 'प्लॅटफॉर्मवर ये, मी इंडिकेटरखाली उभा आहे' असे सांगता. आधी ते बदला, मग रेल्वेला शिकवा.

गैरसोयकर

बोलीतला शब्द आणि सरकारी घोषणेतला शब्द यांची गल्लत करू नका. 'ठेसन' हे मराठी जिभेने पचवलेले रूप आहे आणि मला ते मनापासून आवडते. ते घोषणेत आणा, मी टाळ्या वाजवीन. 'असुविधा' पचवलेली नाही, ती वरून ओतलेली आहे.

शब्दकंजूष

धागा शब्दांच्या संख्येचा आहे. 'गैरसोय' म्हटल्याने वाक्याची लांबी एका अक्षरानेही घटत नाही.

गैरसोयकर

भाषेचे तुम्हाला काही पडलेले नाही हे पहिल्या परिच्छेदातच दिसले होते. मुलुंड चुकल्याचे दुःख तेवढे मोठे.

वऱ्हाडी ठेचा

संख्येचेच म्हणाल तर २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात पंचवीसला 'वीस पाच' वाचण्याची पद्धत आणली, तेव्हा हेच लोक मराठी बुडाली म्हणून ओरडत होते. आता वर दोन घंट्या काका सांगतात की एकोणचाळीस आणि एकोणपन्नास यांत लोकांच्या गाड्या चुकतात. मग 'तीस नऊ' काय वाईट होते?

गैरसोयकर

'तीस नऊ'? आठ वाजून तीस नऊ? त्यापेक्षा गाडी चुकलेली परवडली.

दोन घंट्या

काका म्हणू नका. आणि माझ्या वाक्याचा असा उपयोग होणार असेल तर मी ते परत घेतो.

एडिसनकर

न्यू जर्सीहून लिहितो आहे. इथे गाडीत तिकीट तपासणारा कंडक्टर स्वतः घोषणा करतो आणि 'नेक्स्ट स्टेशन' न म्हणता 'नेक्स्ट स्टेशन स्टॉप' म्हणतो. इथली चिकित्सक मंडळी यावरून अगदी तुमच्यासारखीच भांडतात की स्टेशन म्हटल्यावर स्टॉप कशाला. सुरुवातीला मीही हसायचो. पण स्टेशन आणि थांबा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाटेतली कितीतरी स्टेशने गाडी न थांबता ओलांडते, आणि सिग्नल नसला की स्टेशन नसलेल्या जागीही थांबते. 'स्टेशन स्टॉप' याचा अर्थ गाडी जिथे थांबणार आहे ते स्टेशन.

दुसरी गंमत अशी की आमच्या मार्गावर न्यूआर्कलाही पेन स्टेशन आहे आणि न्यूयॉर्कलाही पेन स्टेशन आहे, आणि अमेरिकन उच्चारात ही दोन नावे जवळपास सारखीच ऐकू येतात. माझे सासरे पहिल्यांदा आले तेव्हा एकटेच न्यूयॉर्कला निघाले, 'पेन स्टेशन' ऐकताच न्यूआर्कला उतरले, आणि फोनवर मला सांगू लागले की न्यूयॉर्क चित्रांत दाखवतात त्यापेक्षा पुष्कळच बुटके आहे. त्या दिवसापासून 'न्यूआर्क, न्यू जर्सी' असे ठासून म्हणणाऱ्या कंडक्टरला मी मनातल्या मनात नमस्कार करतो.

शब्दकंजूष

अमेरिकेतला प्रत्येक जादा शब्द शहाणपणाचा असतो, हे ठाऊक नव्हते.

दोन घंट्या

टिंगल राहू द्या. गाडी थांबली म्हणजे स्थानक आले असे नव्हे, हे समजायला अमेरिकेला जावे लागत नाही. २२ जानेवारी २०२५ ला आपल्याच जळगाव जिल्ह्यात परधाडेजवळ पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची आवई उठली, साखळी ओढली गेली, गाडी मध्येच थांबली, आणि खाली उतरलेल्या लोकांवरून शेजारच्या रुळावरची कर्नाटक एक्स्प्रेस गेली. तिथे 'हे स्थानक नाही, उतरू नका' एवढी एक घोषणा झाली असती, आणि ती तुमच्या मते तीन वेळा फाजील असती, तरी मला चालले असते.

शब्दकंजूष

मृत माणसे पुढे करून वाद जिंकण्याची ही पद्धत मला मान्य नाही. नवी दिल्लीला शब्द कमी पडले म्हणता. मी म्हणतो, नावे सारखी होती. दोन गाड्यांना एकच नाव द्यायचे आणि मग घोषणेने त्यांतला फरक सांभाळावा अशी अपेक्षा करायची, ही चूक घोषणेच्या आधीच झालेली आहे. दादरचेच घ्या. पश्चिम आणि मध्य अशा दोन्ही मार्गांवर एक क्रमांकाचा फलाट होता, आणि नवख्याला 'एक नंबरला या' म्हटले की तो हमखास चुकीच्या पुलावरून उतरायचा. त्यावर इलाज म्हणून घोषणेत आणखी चार शब्द घातले असते तर गोंधळ मिटला असता का? ९ डिसेंबर २०२३ पासून क्रमांकच सलग केले. पश्चिमेचे एक ते सात राहिले आणि मध्यचे आठपासून चौदापर्यंत झाले. आता 'फलाट दहा' म्हटले की दादरमध्ये तो एकच आहे. लंडनच्या भुयारी रेल्वेत १९६८ पासून 'माइंड द गॅप' या तीन शब्दांवर भागते आहे. आपल्याकडे त्याच कामाला 'कृपया गाडीचे पायदान आणि फलाट यांमधील अंतराकडे लक्ष द्यावे' एवढे लागते, आणि ते संपेपर्यंत पाय जिथे पडायचा तिथे पडलेला असतो.

नऊ-बाराची जलद

दादरच्या क्रमांकांचे पटले. लंडनचे मुळीच पटले नाही, कारण त्या तीन शब्दांचा अर्थ तिथल्या लोकांना पन्नास वर्षे ऐकून पाठ झालेला आहे. उद्या तुम्ही नुसते 'फट सांभाळा' म्हणालात तर अर्धा डबा खिसे चाचपेल.

पांढरी काठी

मी इतका वेळ नुसती वाचत होते. म्हणजे फोन मला वाचून दाखवत होता. मला फार थोडे दिसते. फलाटावरची पाटी मला दिसत नाही, डब्यातली लाल अक्षरे दिसत नाहीत. त्यामुळे ज्यांना तीन वेळा दादर नको आहे त्यांनी माझे ऐकून घ्यावे. पहिल्या दादरला मी बोलणे थांबवते. दुसऱ्या दादरला खात्री होते. तिसऱ्या दादरपर्यंत मी काठी उघडून 'दादर का?' असे विचारत दाराकडे सरकू लागलेली असते. भाषा वेगळी असली तरी नाव तेच आहे, म्हणून तर ते मला सापडते.

पण शब्दकंजूष यांच्या विरोधकांनीही खूश होऊ नये. दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी डब्यातली ती यंत्रणा एका स्थानकाने पुढे सरकलेली होती. प्रत्येक वेळी ती तीन वेळा, तिन्ही भाषांत, एकमताने चुकीचे नाव सांगत होती. डोळस लोक हसत होते. मला कोणी सांगितले नाही, आणि मी घराच्या आधीच्या स्थानकावर उतरले. फलाटावर भज्यांचा वास आला नाही तेव्हा कळले, कारण आमच्या जिन्यापाशी भज्यांची गाडी असते. गार्डसाहेबांनी त्या दिवशी ध्वनिक्षेपक हातात घेऊन 'आतील घोषणा चुकीच्या आहेत' एवढे म्हटले असते तर बरे झाले असते. तसे कोणी म्हटले नाही. पुढच्या गाडीला उशीर झाल्याचा खेद मात्र फलाटावर चार वेळा ऐकला.

दोन घंट्या

ताई, शेवटच्या डब्यात बसणाऱ्याला आतली घोषणा चुकते आहे हे दर वेळी कळतेच असे नाही. पण कळल्यावरही गप्प बसणारे असतात, हे मी नाकारत नाही. मीही एकदोनदा गप्प बसलो आहे.

शब्दकंजूष

ठीक आहे. तिसरे दादर ठेवा. 'लक्ष द्यावे'ही ठेवा, कारण कडीचा दाखला मला खोडता आलेला नाही, याचा मला फार राग आहे. पण 'जलद' हा शब्द पुढे आणा : 'जलद गाडी, फलाट दोन, आठ एकोणचाळीस, मुंबई.' आणि पुन्हा शेवटी 'जलद'. दोनदा म्हणा, माझी ना नाही.

नऊ-बाराची जलद

म्हणजे शब्द वाढवा असेच तुमचे म्हणणे आहे तर.

गैरसोयकर

आणि 'असुविधा'?

वऱ्हाडी ठेचा

ते राहू द्या, आधी 'मुंबई' म्हणजे कोणते ठेसन ते ठरवा. दादरला उतरणारेही मुंबईलाच जातात.