प्रतिसाद: पहिल्या तासानंतरचा ताण

महामार्गांवर नवी ट्रॉमा केअर सेंटर (अपघातग्रस्तांवर तातडीचे उपचार करणारी केंद्रे) उभारली की जिल्हा रुग्णालयांवरचा ताण हटेल, हे मत मला अपुरे वाटते, कारण हा ताण अपघातानंतरच्या पहिल्या तासापुरता नसतो. 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे दगावली आणि 4,43,366 जखमी झाली. चर्चा पहिल्या आकड्याची होते, खाटा मात्र दुसऱ्या आकड्याने भरतात.

दुचाकीवरून पडलेल्या तरुणाच्या नडगीचे हाड कातडी फाडून बाहेर आले असेल, तर आधी जखम धुणे, मग बाहेरून सळ्यांची चौकट बसवणे, पुढे त्वचारोपण आणि जंतुसंसर्ग झाल्यास पुन्हा शस्त्रक्रिया, असे उपचार कित्येक महिने चालतात. रात्री आलेल्या अपघातग्रस्ताला शस्त्रक्रियागृह द्यावेच लागत असल्याने दुसऱ्या दिवशीच्या यादीतील, खुब्याचे हाड मोडलेल्या आजींची पाळी पुढे ढकलली जाते आणि नातेवाइकांचा रोष निवासी डॉक्टरांना सोसावा लागतो. हे आजी आणि डॉक्टर, दोघांवरही अन्याय करणारे आहे.

केंद्राच्या 2025 च्या योजनेत अपघातापासून 7 दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत कॅशलेस उपचार मिळतात. ही मदत मोलाचीच आहे. पण आठव्या दिवसापासूनचे खासगी बिल ज्याला झेपणार नाही, तो सरकारी रुग्णालयातच येणार. म्हणून नव्या इमारतींआधी जिल्हा रुग्णालयांत भूलतज्ज्ञ, परिचारिका आणि फिजिओथेरपिस्ट यांची पदे भरावीत, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.